स्टेनोचे व्याख्यान

मेंदूवाचून जाणीव संभवते काय? मरणोत्तर जीवनावर श्रद्धा ठेवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचे उत्तर निःसंदिग्ध होते. विचार करणारा आत्मा आणि जागा व्यापणारे शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये होत, असे तो म्हणे. मग जागा न व्यापणारा आत्मा शरीराला हलवतो कसा? १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रातून नेमके हेच विचारले. देकार्तने ही भेट मेंदूतील इवल्याशा पीनियल ग्रंथीत घडवून आणली होती. ग्रंथी इकडेतिकडे कलते आणि चैतन्याचे सूक्ष्म प्रवाह मज्जातंतूंत सोडते, अशी त्याची कल्पना. त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली, हे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

१६६५ मध्ये पॅरिसला तेव्हनो यांच्या घरी विद्वानांची सभा भरली. नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो हा तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञ तेथे बोलला. मेंदूविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही, अशी जाहीर कबुली देऊनच त्याने आरंभ केला! (अशा कबुलीने सुरू होणारी व्याख्याने आपण कितीशी ऐकतो?) ती ग्रंथी भोवतीच्या भागांना घट्ट जोडलेली आहे, ती कलू शकत नाही, हे त्याने विच्छेदनाच्या आधारे सांगितले. देकार्तविषयी त्याला आदर होता. परंतु त्याने वर्णिला तो माणूस नव्हे, तर माणसाची कामे करू शकणारे एक यंत्र, असा त्याचा अभिप्राय पडला.

स्टेनोने आत्मा नाकारला, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. त्यावेळी लुथरपंथीय असलेला हा संशोधक १६६७ मध्ये फ्लॉरेन्स येथे कॅथलिक झाला, १६७५ मध्ये धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. त्याने नाकारली ती श्रद्धेला आधार म्हणून पुढे केलेली कच्ची शरीररचना. माझ्या मते ही श्रद्धेचीच सेवा होती.

पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन स्रवते व झोपेच्या वेळा सांभाळते, हे विसाव्या शतकात उमगले. मेंदूला इजा झाली की जाणीव ढळते, हेही सिद्ध आहे. पेशींच्या हालचालींतून अनुभव कसा उमटतो, हे मात्र अद्याप कोणी उलगडलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर तेराव्या शतकातच बजावले होते की, देहावेगळा आत्मा टिकतो खरा, पण तो म्हणजे पूर्ण माणूस नव्हे. म्हणूनच प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण देहाचे पुनरुत्थान उच्चारतो.