बेरूतची लैला आणि नारायणगावच्या राहुट्या

गेल्या शनिवारी रूमवर पडल्या पडल्या 'मशरू लैला' ऐकत होतो. बेरूतचा अरबी रॉक बँड. २००८ साली तिथल्या अमेरिकन विद्यापीठातल्या पोरांनी काढलेला. गाण्यांत राजकारण, धर्म, समलिंगी प्रेम, सगळंच. २०१६ मध्ये जॉर्डनने त्यांचा कार्यक्रम अडवला, २०१९ मध्ये खुद्द लेबनॉनमधला कार्यक्रम धमक्यांमुळे रद्द झाला, २०२२ मध्ये बँडच मोडला. मी हळहळलो. आणि मग आठवलं, असलंच काहीतरी आमच्या जत्रेत व्हायचं, आणि मला तिकडे फिरकायची बंदी होती!

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचीच नाही, लांबलांबची मंडळी येऊन घासाघीस करून जत्रेची सुपारी देतात. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच.

आता गंमत बघा. पैसा गावच्या वर्गणीचा, पुढे बसलेत सरपंच आणि पाटील. आणि समोर? गवळणीत मथुरेच्या वाटेवर कृष्ण दाण मागतो, तर मावशी देवालाच उलटी विचारते, कर कसला? बतावणीत सोंगाड्या गावच्या पाण्यावर, रस्त्यावर घसरतो. वगात राजा बावळट आणि शिपाई शहाणा. ज्याची खेचायची त्याच्याच पैशाने!

सरकारला हे झेपलं नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. अण्णाभाऊ साठ्यांनी मग तोच बाज 'लोकनाट्य' म्हणून उभा केला. जॉर्डनला काय नावं ठेवायची!

गावाने बंदी घातली नाही. गावाने टीका हसून ऐकली, करणाऱ्याला मात्र मान दिला नाही. विठाबाई नारायणगावकरांचंच बघा. फडावर बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. त्यांच्या वगांत काय होतं ते विचारा, कुणाला सांगता येत नाही. राष्ट्रपतींचं पदक मिळालं, तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

आमच्या घरी एकच वाक्य असायचं, "चांगल्या घरची पोरं तमाशाला जात नाहीत." विठाबाईंच्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या फडाचं नाव होतं 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. जात पाटीवरच. 'चांगलं घर' म्हणजे काय, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं.

असो. येत्या पाडव्याला राहुट्यांवर जाणार आहे. बाबांनाही चला म्हटलंय. अजून हो म्हणाले नाहीत.