थडीला भ्यावं

आमच्या गंगाखेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. पाणी ओसरून वाळू उघडी पडली की आजोबा आम्हा नातवंडांना थडीला नेत आणि गोष्टी सांगत त्या दर्याच्या! समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ज्या निजामी राज्यात त्यांचं तारुण्य गेलं, त्याला किनाराच नव्हता.

त्यांची लाडकी गोष्ट लाय पाटलाची. हा कोळ्यांचा म्होरक्या. ऐन रात्री होड्या सिद्दीच्या जंजिऱ्याच्या तटाला भिडवून त्यानं शिड्या लावल्या. आता शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांची फौज येऊन चढायची. फौज आलीच नाही. उजाडायच्या आत पाटलानं शिड्या उतरवल्या, माणसं सुखरूप परत आणली. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, तर हा म्हणतो, दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची? मग ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधून त्याला दिलं म्हणतात. इथं आजोबा थांबत. “पाण्याला कोण भितंय रे? थडीला भ्यावं.”

गंगेत पोहताना त्याचा अर्थ एवढाच कळे, की काठाजवळच्या वाळूवर भरवसा ठेवू नये. आरमाराचं वाचू लागलो तेव्हा वाटलं, म्हाताऱ्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. जहाजातून माणसं शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायची, तर ती धड खलाशी नसतात, धड शिपाई नसतात अशी घटकाभराची वेळ येते. मोहीम तरते किंवा बुडते ती तेव्हाच.

1665 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज स्वतः मालवणहून निघाले. 85 गलबतं, 3 मोठी जहाजं. बेदनूरकरांचं श्रीमंत बंदर बसरूर लुटलं आणि परतताना गोकर्णाला उतरले. महाराजांनी जातीनं केलेली ही एकच मोठी सागरी स्वारी. गलबतं आणि पायदळ एकाच माणसाच्या हुकमात होती. जंजिऱ्याच्या त्या रात्री तेवढंच कमी पडलं, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त नौसैनिकाची. परभणीचा गडी नेव्हीत, याचंच आम्हाला अप्रूप. ते धुळीत काडीनं बेट काढून दाखवत. बेट म्हणजे कारवारसमोरचं अंजदीव. नोव्हेंबर 1961 मध्ये तिथल्या पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला होता. 18 डिसेंबरला ‘त्रिशूल’ या युद्धनौकेचे नौसैनिक होड्यांतून बेटावर निघाले. ‘म्हैसूर’ तोफा रोखून पाठीशी होती. पहिली तुकडी उतरली, आणि मागून येणाऱ्यांवर गोळ्यांचा मारा झाला. बेट दुसऱ्या दिवशी हाती आलं. नौदलाचे सात जण गेले. गोवामुक्तीच्या मिरवणुकीत या सातांची आठवण फार थोड्यांना होती, हे सांगताना त्या काकांचा आवाज चढे.

दहाच वर्षांनी, डिसेंबर 1971 च्या बांगलादेश युद्धात, कॉक्स बाजारला गुरखा जवान उतरवायचं ठरलं. शत्रूचा म्हणावा असा प्रतिकारही नव्हता. पण जहाज किनाऱ्याअलीकडच्या वाळूच्या दांड्यावर टेकलं, आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये खोल पाणी. पाठीवर ओझं घेऊन उतरलेले काही जवान त्यात बुडाले. आजोबांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी नुसती मान हलवली असती.

आज नौदलाकडे ‘जलाश्व’ आहे. अमेरिकेकडून घेतलेलं हे जहाज 2007 मध्ये दाखल झालं. हजारभर जवान मावतात, आणि त्याच्या पोटातून उतराईच्या होड्या निघतात. भूदल आणि नौदल उतराईचा सराव एकत्र करतात, हे मला जहाजाच्या आकारापेक्षा मोलाचं वाटतं.

मराठवाड्यातून मुरुडच्या सहली पुष्कळ निघतात. मंडळी जंजिरा पाहतात, फोटो काढतात, परततात. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक म्हणून महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग तिथून समुद्रात दिसतो. पुढच्या खेपेला पोरांना तोही दाखवा, आणि लाय पाटलाचं नाव सांगा.