फ्रान्सिस्कन दारिद्र्यव्रत

ऐहिक संपत्तीचा त्याग करून ख्रिस्ताचे अनुकरण करावे, या हेतूने असीसीच्या संत फ्रान्सिसने (सु. ११८२–१२२६) आपल्या धर्मसंघास घालून दिलेले व्रत. फ्रान्सिस हा इटलीतील एका सधन कापडव्यापाऱ्याचा मुलगा. त्याने घरचा पैसा एका पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी देऊ केला, तेव्हा वडिलांनी तो परत मागितला. बिशपसमक्ष फ्रान्सिसने पैशांबरोबर अंगावरची वस्त्रेही उतरवून दिली. त्याच्या अनुयायांना पोप तिसरा इनोसंट याने १२०९ च्या सुमारास तोंडी मान्यता दिली व १२२३ मध्ये संघाची नियमावली संमत झाली.

जुन्या बेनिडिक्टाइन परंपरेत भिक्षू निर्धन असे, पण मठाच्या जमिनी असत. फ्रान्सिसने संघालाही मालमत्ता निषिद्ध ठरविली. नाण्यास स्पर्शही नको. श्रमाच्या मोबदल्यात अन्न घ्यावे, ते न मिळाल्यास भिक्षा मागावी, असा त्याचा दंडक होता. नियमांवर भाष्ये करू नयेत, असे त्याने अंतिम आज्ञापत्रात बजावले. परंतु ते बंधनकारक नाही, असा निर्णय पोप नववा ग्रेगरी याने १२३० मध्येच दिला.

संघ वाढला तसे मठ, चर्च व ग्रंथ आवश्यक झाले. यावर तोड म्हणून चौथा इनोसंट याने १२४५ मध्ये संघाच्या वस्तूंचे स्वामित्व पोपपीठाकडे घेतले. बंधूंकडे केवळ वापर राहिला. ही तरतूद कायद्याच्या दृष्टीने चतुर, पण तिने मूळ प्रश्न सुटला नाही. मालकी नसूनही सुखवस्तू राहता येते. म्हणून वापरही तुटपुंजाच हवा, असा ‘आध्यात्मिक’ म्हणविणाऱ्या कडव्या पक्षाचा आग्रह होता. या पक्षाच्या चौघा बंधूंना १३१८ मध्ये मार्से येथे जिवंत जाळण्यात आले. ज्या संघाचा संस्थापक संत म्हणून पूजिला जात होता, त्याचेच हे बंधू होते.

खाल्ल्यावर जी भाकर उरतच नाही, तिची मालकी व वापर वेगळे कसे करावयाचे, असा युक्तिवाद करून बाविसावा जॉन याने १३२२ मध्ये बहुतेक वस्तूंवरील पोपपीठाचे स्वामित्व सोडून दिले. ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्याकडे व्यक्तिशः वा सामाईक काहीच नव्हते, हे मत हट्टाने मांडणे त्याने १३२३ मध्ये पाखंड ठरविले. परिणामी कडव्या पक्षात नसलेला संघप्रमुख मायकेल ऑफ चेझेना हाही पोपच्या विरोधात गेला आणि १३२८ मध्ये तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याच्यासह आव्हीन्यों येथून पळाला. पुढे १५१७ मध्ये पोप दहावा लिओ याने कडक नियमपालन करणारे व सवलती मानणारे, असे संघाचे अधिकृत विभाजन केले. १५२८ मध्ये मान्यता मिळालेला कॅपुचिन संघ हाही मूळच्या दारिद्र्याकडे परतण्याच्या ओढीतूनच निर्माण झाला.