‘पोट साफ होत नाही’ : एका तक्रारीचा इतिहास

नरखेड तालुक्यातला संत्रा बागायतदार असो की मुंबईचा कारकून, पोटाचे दुखणे सांगताना मराठी माणूस हटकून म्हणतो, ‘पोट साफ होत नाही.’ दिवसातून किती वेळा जाता, असे विचारले तर उत्तर येते, ‘दोन-तीनदा.’ ऐकणाऱ्याला यात विसंगती वाटते. रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, काही सापडत नाही. आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते.

हे दुखणे नवे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीचा आहे. मल कधी बांधलेला, कधी पातळ, हे लक्षण त्यात आले आहे. ग्रहणी म्हणजेच आजचा ‘आयबीएस’ असे म्हणणे घाईचे ठरेल; पण निरीक्षण ओळखीचे आहे. १८४९ साली विल्यम कमिंग या डॉक्टरनेही एकाच रुग्णात आळीपाळीने दिसणारे बद्धकोष्ठ आणि जुलाब नोंदवले आणि त्याचा उलगडा आपल्याला करता येत नाही, अशी कबुली दिली. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. पिंपरकरांनी १९७० साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या विकारावर लेख लिहिला.

या आजाराची खूण क्ष-किरणात दिसत नाही, मग निदान करायचे कशावरून? १९७८ साली ब्रिस्टलच्या मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या बोलण्याचाच आधार घेतला. त्यांनी निवडलेल्या लक्षणांत ‘शौच पूर्ण न झाल्याची भावना’ होती. पुढे रोममध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी निकष ठरवले. त्यांत शौचाच्या संख्येलाही महत्त्व आले : आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा म्हणजे बद्धकोष्ठ, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा म्हणजे जुलाब.

हे माप भारतीय पोटाला कितपत लागू पडते? २००८ साली इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने देशभरातल्या २,७८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७७ टक्के रुग्णांची तक्रार पोट पूर्ण साफ न होण्याची होती. स्वतःला बद्धकोष्ठ आहे म्हणणारे आणि जुलाब आहेत म्हणणारे, या दोघांची शौचाची संख्या मात्र सारखीच निघाली! म्हणजे रुग्ण चुकत नव्हता, मोजपट्टी अपुरी होती.

रोमच्या २००६ सालच्या निकषांनी वर्गीकरणासाठी संख्येऐवजी मलाचे स्वरूप धरले. २०१६ साली तर या सगळ्या विकारांना ‘आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार’ म्हटले गेले. मनावरचा ताण आतड्याला जाणवतो आणि आतड्याची कुरबुर मेंदूला; म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नाही.

शौचातून रक्त, घटते वजन, ताप किंवा रक्तक्षय असेल, तर कसून तपासणी हवीच. पण अहवाल निर्दोष आला म्हणून माणूस खोटा ठरवू नये. ‘साफ होत नाही’ या तीन शब्दांत त्याने आपले लक्षण अचूक सांगितलेले असते.