हबिमा आणि आपल्या नाटक मंडळ्या

तेल अवीवच्या हबिमा चौकातून आपण पुष्कळदा जातो, परंतु या नाट्यगृहाचा कारभार पूर्वी कोण पाहत असे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. समाजाची मंडळे चालविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस त्या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे.

‘हबिमा’ म्हणजे रंगमंच. सिनेगॉगमधील व्यासपीठालाही आपण बिमा म्हणतो. ही नाट्यसंस्था नाहूम झेमाख यांच्या पुढाकाराने मॉस्कोत १९१७-१८ च्या सुमारास उभी राहिली. हिब्रू ही रोजच्या बोलण्यातील भाषा होऊ लागली होती त्या काळी तिच्यात नाटके करणे हे धाडसच होते. स्तानिस्लाव्स्की यांनी आपले शिष्य वाख्तांगोव यांना या मंडळींकडे धाडले, आणि १९२२ साली त्यांनी बसविलेल्या ‘दिब्बुक’ या नाटकाने हबिमाचे नाव जगभर झाले.

१९२६ साली ही मंडळी रशिया सोडून दौऱ्यावर निघाली. अमेरिकेत त्यांच्यात फूट पडून संस्थापक झेमाख वेगळे झाले. उरलेल्यांनी १९२८ साली एरेत्झ इस्राएल गाठले आणि १९३१ पासून तेल अवीव हेच त्यांचे घर झाले. संस्थापक गेला तरी संस्था टिकली, कारण मालकी नटांच्या सामुदायिक मंडळाची होती. नाटक कोणते घ्यावे, भूमिका कोणाला द्यावी, हे सभासदांच्या मताने ठरे. आजच्या नाट्यगृहाची कोनशिला १९३५ साली बसली व ते १९४५ साली सुरू झाले. १९५८ साली हबिमाला राष्ट्रीय रंगभूमीचा मान मिळाला.

परंतु याच पद्धतीत दोषही होता. जे सभासद तेच नट आणि तेच मतदार! मग वय झालेल्या सभासदाच्या हातून तरुणाची भूमिका काढून घ्यावी कोणी? हाना रोविना या थोर अभिनेत्री. पण ‘दिब्बुक’मधील तरुण लेआ त्यांनी कित्येक दशके रंगविली. नव्या मुलांना वाव मिळेना. १९४४ साली निघालेले कामेरी नाट्यगृह तरुण प्रेक्षकांना जवळचे वाटू लागले. शेवटी कर्ज व कलह यांमुळे साठीच्या दशकाच्या अखेरीस सामुदायिक मालकी संपली व कारभार नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेला.

आता मराठी रंगभूमीकडे पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यांच्यामागे मंडळी भागीदारांनी चालविली. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भागीदार एकेक करून गेले आणि सर्व भार एकट्या बालगंधर्वांवर आला. गळा अलौकिक, हात सढळ, आणि खर्चाला आवर घालणारा जवळ कोणी नाही. भरजरी शालू, अत्तरे व कर्ज यांच्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकल्या आहेत. हबिमात एकाचा शब्द चालत नव्हता म्हणून अडले. गंधर्व मंडळीत एकाला अडविणारा कोणी नव्हता म्हणून बुडाले.

योगायोग असा की त्याच १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या समाजातील काही मंडळींनी कीर्तने सुरू केली. आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत घरोघरी पोहोचली. कीर्तनात पुढे उभा राहणारा एकच असतो, हे खरे. पण पेटी, तबला आणि झांजेवाला चुकले तर आख्यान रंगत नाही. आणि साथीदारांनी प्रत्येक पदावर मते घ्यायची म्हटले तर आख्यान सुरूच व्हायचे नाही.

आपल्या मंडळांनी यातून धडा घ्यावा. नाटक किंवा कार्यक्रम कसा बसवावा हे एका जाणत्या माणसावर सोपवावे व मध्येच त्याचा हात धरू नये. पैशाचा हिशेब मात्र त्याच्याकडे न देता दुसऱ्या दोघांनी ठेवावा आणि वर्षातून एकदा सर्वांपुढे मांडावा. पदाची मुदत ठरलेली असावी. आणि मुख्य म्हणजे, दर कार्यक्रमात एक तरी मोठी भूमिका इथे जन्मलेल्या मुलामुलीस द्यावी, मग त्याचे मराठी उच्चार थोडे हिब्रू वळणाचे का असेनात. उच्चार तालमीत सुधारतील. पण मुलेच रंगमंचावर आली नाहीत तर पुढे मराठीतून बोलणार तरी कोण?