छोट्या पडद्यावरचे जुने हॉलीवूड: अहमदनगर जिल्ह्यातील एका प्रेक्षक-परंपरेचा मागोवा

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या हॉलीवूड भागात, साधारणपणे पहिल्या महायुद्धापासून 1960पर्यंतच्या काळात, मोजक्या मोठ्या कंपन्यांनी जे चित्रपट निर्माण केले, त्यांना आज अभिजात हॉलीवूडपट म्हणून ओळखले जाते. लेखक, दिग्दर्शक, नट, छायालेखक आणि संगीतकार हे सारे एकाच कंपनीचे करारबद्ध नोकर असत आणि चित्रपटगृहांच्या मोठ्या साखळ्याही त्याच कंपन्यांच्या मालकीच्या असत. या व्यवस्थेला स्टुडिओ पद्धत म्हणतात. हे चित्रपट मुंबईत आणि पुण्यात कसे पाहिले गेले, यावर मराठीत बऱ्यापैकी लिहिले गेले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ते कसे पोहोचले, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. 2024मध्ये ज्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, त्या अहमदनगर जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या जिल्ह्याचा हॉलीवूडशी संबंध दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधी सुरू झाला होता आणि तरीही जुना अमेरिकन चित्रपट निवांतपणे पाहण्याची, त्यावर बोलण्याची संधी सर्वसाधारण नगरकराला मिळाली ती दूरचित्रवाणीनेच.

मूकपटांच्या काळात भारतीय पडद्यावर अमेरिकन चित्रपटांचेच वर्चस्व होते. 1927मध्ये ब्रिटिश सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीसमोर जी माहिती आली, तिच्यानुसार त्या सुमारास देशात प्रदर्शित होणाऱ्या कथापटांपैकी भारतीय चित्रपटांचा वाटा जेमतेम 15 टक्के होता आणि उरलेल्या परदेशी चित्रपटांत बहुसंख्य अमेरिकन होते. समिती नेमण्यामागे ब्रिटिश चित्रपटांना बाजारपेठ मिळवून देण्याची इच्छा तर होतीच, शिवाय पाश्चात्त्य स्त्री-पुरुषांचे पडद्यावरील वर्तन पाहून भारतीय प्रजेच्या मनातील गोऱ्या राज्यकर्त्यांचा दरारा कमी होईल, ही धास्तीही होती. या धास्तीचा विचार करताना नगरसारखी लष्करी ठाणी नजरेआड करता येत नाहीत. छावणीतील सैनिक आणि त्यांची कुटुंबे हा इंग्रजी चित्रपटांचा हक्काचा प्रेक्षकवर्ग असे, आणि जिथे छावणी तिथे इंग्रजी खेळाची सोय, असे समीकरण देशभर दिसते. पुढे ब्रिटिश विनोदाला नवे वळण देणारा स्पाइक मिलिगन 16 एप्रिल 1918 रोजी नगरमध्येच एका लष्करी कुटुंबात जन्मला, आणि त्याच महिन्यात, 25 एप्रिल 1918 रोजी, पुढे मराठी-हिंदी पडद्यावर श्रीकृष्णाच्या भूमिकांनी घराघरांत पोहोचलेले शाहू मोडक याच शहरात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. एकाच गावातून एकाच महिन्यात निघालेल्या या दोन वाटा पुढे कुठेच एकमेकींना मिळाल्या नाहीत. छावणी आणि गाव एकाच शहरात असूनही त्यांची करमणुकीची जगे किती वेगळी होती, हे यावरून ध्यानात येते.

या दोन्ही जगांच्या बाहेर नगरचा हॉलीवूडशी एक तिसराच दुवा जुळला, तो शहरापासून काही किलोमीटरवर असलेल्या अरणगावजवळच्या मेहेराबाद येथून. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, यांनी 1920च्या दशकात तेथे आपले ठाणे उभारले आणि 10 जुलै 1925पासून मौन धारण केले. पुढे अनेक वर्षे ते इंग्रजी मुळाक्षरांच्या फळ्यावर बोट ठेवून संवाद साधत असत. 1932च्या मे महिन्याच्या अखेरीस ते हॉलीवूडला पोहोचले, आणि 1 जून रोजी डग्लस फेअरबँक्स व मेरी पिकफर्ड या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध कलावंत दांपत्याच्या पिकफेअर या निवासस्थानी त्यांचे स्वागत झाले. फेअरबँक्स हे नाव भारतीय प्रेक्षकाला परके नव्हते, कारण ‘द थीफ ऑफ बगदाद’ (1924) या त्याच्या मूकपटाने भारतात अमाप लोकप्रियता मिळवली होती. पिकफेअरवर बाबांचा जो संदेश वाचून दाखवण्यात आला, त्याचा विषयच चित्रपट होता: पडद्यावरची कथा प्रेक्षकाच्या मनावर खोल संस्कार करू शकते आणि म्हणून ती घडवणाऱ्यांवर मोठी जबाबदारी येते, असे त्याचे सार सांगता येईल. चित्रपट म्हणजे वेळ घालवण्याचे साधन किंवा तरुणांना बिघडवणारी गोष्ट, असे मानणाऱ्यांचा तो काळ होता. त्या काळात एका मराठी मुलुखातील आध्यात्मिक पुरुषाने या माध्यमाची इतकी गंभीर दखल घ्यावी, ही गोष्ट नगरच्या सांस्कृतिक इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी होती. ती तशी नोंदवली गेली नाही, याचे एक कारण असे दिसते की बाबांचे चरित्र भक्तांनी लिहिले आणि चित्रपटाचा इतिहास मुंबईकरांनी.

हा दुवा एका भेटीपुरता राहिला नाही. एका आध्यात्मिक चित्रपटाची योजना 1930च्या दशकात बाबांच्या पाश्चात्त्य अनुयायांमध्ये दीर्घकाळ चर्चेत होती, आणि तिच्यात ‘द ब्लू एंजल’ (1930) या गाजलेल्या जर्मन बोलपटाच्या पटकथाकारांपैकी एक असलेले कार्ल फोलम्योलर यांचा सहभाग होता. बाबांशी जोडल्या गेलेल्या मंडळींमध्ये गाब्रिएल पास्कल हे हंगेरियन वंशाचे निर्मातेही होते. बर्नार्ड शॉ आपल्या नाटकांवर चित्रपट करू देण्यास सहसा राजी नसत, त्या शॉकडून परवानगी मिळवून पास्कल यांनी ‘पिग्मॅलियन’ (1938) निर्माण केला आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाला. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी केलेली ‘ती फुलराणी’ 1975मध्ये मराठी रंगभूमीवर आली. नियोजित आध्यात्मिक चित्रपट मात्र कधीच पूर्ण झाला नाही.

सर्वसाधारण नगरकराला या घडामोडींचा प्रत्यक्ष लाभ काहीच झाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जिल्ह्याच्या गावी इंग्रजी चित्रपट येई तो बहुधा मॉर्निंग शोला किंवा मॅटिनीला, म्हणजे मुख्य हिंदी-मराठी खेळांच्या आधीच्या रिकाम्या वेळेत, आणि तोही झिजलेल्या प्रतीच्या रूपात. चित्रपटाची प्रत म्हणजे फिल्मची रिळे; ती मोठ्या शहरांत अनेक महिने फिरून झाल्यावर लहान गावांच्या वाट्याला येत, त्यामुळे ओरखडे, तुटलेले जोड आणि गाळलेले प्रसंग हे प्रेक्षकाने गृहीतच धरलेले असत. तालुक्याच्या आणि जत्रेच्या ठिकाणी तंबूतला सिनेमा जात असे, पण त्याचा आधार पौराणिक पट, तमाशापट आणि मारधाडीचे हिंदी चित्रपट हाच होता. संवादांवर चालणारा इंग्रजी चित्रपट तंबूला परवडणारा नव्हता. त्यातच 1971मध्ये भारत सरकार आणि अमेरिकन कंपन्यांची निर्यात संघटना यांच्यातील आयात करार संपला आणि 1975मध्ये नवा करार होईपर्यंत नव्या हॉलीवूडपटांचा ओघ जवळजवळ थांबला. या काळात जिल्ह्यातील पडद्यावर जे इंग्रजी म्हणून दिसे, ते आधीपासून देशात असलेल्या प्रतींचेच फेरप्रदर्शन असे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्याचे सहक्षेपण होऊ लागले. जिल्ह्याजिल्ह्यांत दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पसरली ती 1982च्या आशियाई क्रीडा स्पर्धांनंतर, जेव्हा रंगीत प्रक्षेपण आले, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि इन्सॅट उपग्रहांच्या आधारे लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर वेगाने उभारले गेले. लघुशक्ती प्रक्षेपक म्हणजे उपग्रहाकडून आलेला संकेत घेऊन आसपासच्या मर्यादित परिसरात पुन्हा सोडणारे केंद्र. दूरदर्शनवर जुने अमेरिकन चित्रपट तुरळकच लागत. तरीही दूरदर्शनने एक पूर्वतयारी करून ठेवली, तिची दखल घ्यावीच लागते: रविवारी दुपारी निरनिराळ्या भारतीय भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट उपशीर्षकांसह, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या भाषांतरित ओळींसह, दाखवले जात, आणि त्यामुळे परकी भाषा कानाने ऐकत अर्थ डोळ्यांनी वाचण्याची सवय घराघरांत लागली. मल्याळम किंवा बंगाली चित्रपटाने घडवलेली ही सवय दहा वर्षांनी अमेरिकन चित्रपटाच्या कामी आली.

तो चित्रपट आला केबलवरून, आणि त्यामागची कारणे अटलांटात घडली होती. टेड टर्नर या अटलांटातील अमेरिकन उद्योजकाने 1986मध्ये एमजीएम ही कंपनी विकत घेतली. कर्जाच्या बोजामुळे तिचा बराचसा भाग त्याला काही महिन्यांतच परत विकावा लागला, परंतु जुन्या चित्रपटांचा संग्रह मात्र त्याने स्वतःकडे ठेवला. त्या संग्रहात एमजीएमच्या चित्रपटांबरोबर वॉर्नर ब्रदर्सचे 1950पूर्वीचे चित्रपटही होते, आणि आरकेओ कंपनीच्या चित्रपटांचे हक्कही पुढे त्याच्याकडे आले. सारे मिळून तीन हजारांहून अधिक चित्रपट. याच भांडवलावर टीएनटी ही वाहिनी उभी राहिली आणि 1990च्या दशकाच्या मध्यावर ती कार्टून नेटवर्कबरोबर एकाच वाहिनीवर वेळ वाटून घेत भारतात आली. दिवसभर व्यंगपट आणि रात्री जुने चित्रपट, अशी ती विभागणी होती. केबलवाला मुलांसाठी कार्टून देत असे आणि त्याच तारेतून रात्री ‘कॅसाब्लँका’ (1942), ‘सिटिझन केन’ (1941), ‘किंग काँग’ (1933) यांसारख्या चित्रपटांचे जग नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथील घरांत पोहोचू शकत असे. ज्या चित्रपटांची नावे मराठी वाचकाने लेखांतूनच वाचली होती, ते असे कोणाच्याही खास मागणीवाचून उंबरठ्याच्या आत आले, ही या इतिहासातील सर्वांत आनंदाची घटना म्हटली पाहिजे.

छोट्या पडद्यावर मोठा चित्रपट पाहणे म्हणजे तडजोड, असे सहसा मानले जाते. अभिजात हॉलीवूडपटांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची रुंदी व उंची 4 आणि 3 या प्रमाणात असे, आणि 1953मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आणण्यापूर्वीचे बोलपट जवळजवळ याच प्रमाणात चित्रित झालेले होते. त्यामुळे 1930 आणि 1940च्या दशकांतील चित्रपट नगरच्या बैठकीच्या खोलीत जवळपास संपूर्ण चौकटीसह दिसत. उलट ‘बेन-हर’सारखा (1959) अतिरुंद चित्रपट पडदा भरून दाखवायचा तर चित्राचा जवळजवळ अर्धा भाग कापावा लागे, आणि त्या प्रसिद्ध रथशर्यतीतील कोणता रथ दिसावा हे दिग्दर्शकाऐवजी प्रक्षेपणाची प्रत बनवणारा तंत्रज्ञ ठरवत असे. अडचणी अन्यही होत्या. अमेरिकन उच्चार मराठी माध्यमात शिकलेल्या प्रेक्षकाला चटकन कळत नसत आणि इंग्रजी वाहिन्यांवर इंग्रजीच उपशीर्षके सर्रास दिसू लागली ती 2000च्या दशकात. त्याच दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला भारनियमनाने, म्हणजे ठरावीक तास वीज बंद ठेवण्याच्या व्यवस्थेने, इतके ग्रासले होते की चित्रपटाचा शेवट पाहायला मिळणे हे पुष्कळदा महावितरणच्या वेळापत्रकावर अवलंबून असे.

पाहिलेल्या चित्रपटावर जी चर्चा होई, तिचा स्वाभाविक आरंभ तुलनेतून होत असे. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (1954) पाहणाऱ्याला ‘सत्ते पे सत्ता’ (1982) आठवणे अपरिहार्य होते, आणि मग कोणी कोणाचे उचलले, काय बदलले, बदलल्याने काय बिघडले किंवा सुधारले, या प्रश्नांवर बोलणे ओघाने आले. या तुलनेला चोरी पकडण्याचा खेळ म्हणून कमी लेखू नये. सात आडदांड भावांची गोष्ट हिंदीत येताना तिला अमिताभ बच्चन यांची दुहेरी भूमिका आणि एक गुन्हेगारी उपकथानक का जोडावे लागले, असा प्रश्न ज्याला पडतो, तो प्रेक्षक कथानकाची रचना, नटाचे बाजारमूल्य आणि प्रेक्षकाची अपेक्षा यांचा एकत्र विचार करू लागलेला असतो, आणि चित्रपट-समीक्षेची सुरुवात याहून वेगळी नसते.

या बोलण्याला शिस्त देणाऱ्या संस्था राज्यात होत्या, पण जिल्ह्यापासून दूर. 1964मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या दीर्घ परिश्रमांतून देशी-विदेशी चित्रपट जमवले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी चित्रपट रसग्रहणाचे, म्हणजे चित्रपटाची भाषा समजून घेण्याचे, शिक्षण रुजवले, आणि मुंबईत 1968मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने सुधीर नांदगावकर यांच्या पुढाकाराने मराठी मध्यमवर्गात फिल्म सोसायटीची चळवळ नेली. फिल्म सोसायटी म्हणजे सभासदांच्या वर्गणीतून निवडक चित्रपट आणून दाखवणारी आणि नंतर त्यावर चर्चा करणारी मंडळी. मात्र अशा सोसायटीला प्रक्षेपणयंत्र, प्रती मिळवण्याची यंत्रणा आणि नियमित सभासद लागत, आणि ही जुळवाजुळव जिल्ह्याच्या ठिकाणी टिकवणे कष्टाचे होते. पडद्याचा प्रश्न केबलने सोडवला. चर्चेचे स्थान त्यानंतरही शोधावेच लागले.

नगरमध्ये ते स्थान महाविद्यालयाने दिले. न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयाच्या संज्ञापन अभ्यास विभागात जागतिक चित्रपट हा अभ्यासाचा विषय झाला, आणि नागराज मंजुळे यांनी तेथेच पदव्युत्तर शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ (2009) हा लघुपट केला. त्यांच्या ‘फँड्री’ (2013) या पहिल्या कथापटाची गोष्ट नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. तिच्या शेवटी जब्या हा मुलगा आपल्या छळणाऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजेच प्रेक्षकावर, येतो. अमेरिकन चित्रपटाच्या अगदी आरंभी, हॉलीवूड वसण्याच्याही आधी, ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (1903) या एडविन पोर्टर यांच्या चित्रपटात दरोडेखोर असाच कॅमेऱ्याकडे रोखून गोळी झाडतो. एकावरून दुसरे आले, असा दावा करण्यास आधार नाही. पण ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’त तो दचकवण्याचा खेळ होता आणि ‘फँड्री’त तो जातिव्यवस्थेतील प्रत्येक बघ्यावरचा आरोप आहे, हा फरक वर्गात मांडण्यासाठी दोन्ही दृश्ये शेजारी-शेजारी ठेवावी लागतात. डिसेंबर 2020मध्ये एचबीओ आणि डब्ल्यूबी या वाहिन्या भारतात बंद झाल्या आणि जुने चित्रपट ज्याच्या त्याच्या भ्रमणध्वनीवर विखुरले; एका रात्री अनेक घरांनी एकच चित्रपट पाहावा, ही केबलच्या काळातील स्थिती त्यामुळे आणखी दुर्मीळ झाली, आणि तेव्हापासून जिल्ह्यात जुन्या चित्रपटावरचे सामूहिक बोलणे मुख्यतः अशा वर्गांवर आणि महाविद्यालयीन महोत्सवांवरच अवलंबून राहिले आहे.