श्रुतलेखनाचे गुण

३४ वर्षे शाळेत श्रुतलेखन घातले. दहा शब्द, दहा गुण. परवा कानाच्या डॉक्टरांनी माझेच श्रुतलेखन घेतले, फक्त तोंडी. बंद खोलीत बसवून शब्द ऐकवले आणि "म्हणून दाखवा" म्हणाले. श्रवणयंत्र लावूनही दहापैकी दोनच बरोबर! कॉक्लिअर इम्प्लांटचा सल्ला मिळाला. मुलाचा पहिला प्रश्न, "मग बाबांना किती टक्के बोलणे कळेल?" (हा प्रश्न सौ.ने मला वहीत लिहून दाखवला.)

जुन्या सवयीने या यंत्राचा इतिहास वाचायला बसलो.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवण-मज्जातंतूपाशी तार बसवली. त्याला आवाजाची लय कळू लागली, मोजके शब्दही ओळखता आले. बोलणे समजले नाही. तार पुढे निकामी झाली. १९६१ पासून लॉस एंजेलिसमध्ये डॉ. विल्यम हाउस यांनी हेच काम धरले. त्यांच्या यंत्राची तारही एकच, त्यामुळे लय आणि आवाजाचा चढउतार कळे, शब्द नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ नाके मुरडत.

अखेर अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेने पिट्सबर्गच्या रॉबर्ट बिल्गर यांना परीक्षक नेमले. त्यांनी असे इम्प्लांट बसवलेल्या १३ जणांना तपासले. १९७७ च्या अहवालाप्रमाणे नुसत्या यंत्रावर बोलणे कुणालाच समजत नव्हते. म्हणजे माझ्या वहीत सगळे नापास! पण त्याच अहवालात असेही आहे की ओठांवरून बोलणे ओळखणे त्यांना सोपे झाले होते, आजूबाजूचे आवाज कळत होते, स्वतःचा आवाज आवरता येत होता, जगणे सुधारले होते. मी इथे बराच वेळ थांबलो. हल्ली मी फार ओरडून बोलतो, असे सौ. म्हणते. मला ते कळतच नाही.

गुण पुढे वाढले. मेलबर्नचे ग्रॅमी क्लार्क (त्यांचे वडील औषधविक्रेते आणि कानाने अधू) यांनी १९७८ मध्ये अनेक तारांचे यंत्र बसवले. कानातल्या शंखाच्या वेगवेगळ्या जागी वीज पोचली की उंच आणि खालचे स्वर वेगळे होतात. त्यांच्या २२ तारांच्या यंत्राला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन यांनी तारांना आळीपाळीने, अतिशय वेगाने स्पंदने देण्याची पद्धत मांडली आणि शब्द आणखी स्पष्ट झाले. भाषा येऊन मग कान गेलेल्या पुष्कळ प्रौढांना आज शांत खोलीत ओठ न पाहता वाक्ये समजतात. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र पंचाईत, आणि गाण्याची तर रडकथाच.

तरी गुण आणि समाधान यांची सांगड अजून सैलच आहे. चाचणीत कमी गुण मिळूनही खूश असलेले आहेत, आणि भरपूर गुण मिळवून कुरकुरणारेही.

मुलाला मी लिहून दिले : टक्के माहीत नाहीत, पण कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील. सोमवारी तारीख ठरवायला जायचे आहे.